मारबत रिकामी जात नाही

बसा पोट्टे हो, बसा. लाईन गेली तं गेली, येईन तवा येईन. बादल, माह्या टॉर्चले हात लावू नको. ठेव खाली. ठेव म्हटलं न! घोड्याएवढा झाला आन् अंधारात बसाले भेव लागते याले.

आन् जया, तू काहून तोंड पाडून बसली व? तुही काकू सांगत होती, पोरीले यवतमाळले नोकरी लागली आन् पोरीचं जेवणच कमी झालं. ... कोण? ... हं. तुह्या आधी त्या जागेवर जी होती ती. "तिनं असं लावलतं, तिनं तसं ठेवलतं, तिच्यासारखं कोणाले जमत नाही." मेल्या म्हशीले मणभर दूध, असंच असते ते. बरं, ती तं मेलीही नाही, लग्न होऊन पुसदले गेली. ... आन् तुले काय वाटते? कंप्युटरातल्या यादीतून तिचं नावच उडवून टाकावं? सोमवारीच?

हासू नको. मी हासून राह्यलो का?

तो नवा लॅपटॉप आधी बॅगमधी ठेव. घरी आल्यापासून मांडीवर घेऊन बसली. तुह्याच नावावर देल्ला न तो? कालच? ... बरं. आता माही एक गोष्ट ऐक, मग तुले काय उडवाचं ते उडव. बनवलेली नाही. माह्या ओळखीच्या माणसाची आहे, माह्या डोळ्यासमोरची. कॉलेजचं नाव मी घेत नाही. माणसाचं घेतो, त्याच्याशिवाय ही गोष्टच नाही. आन् एखादं नाव ओळखीचं वाटलं तं मधात बोलू नको. शेवटी बोलजो.

मी यवतमाळले एका कॉलेजच्या गाडीवर ड्रायव्हर होतो, हे तुम्हाले माहीत आहे. त्या कॉलेजच्या कंप्युटर विभागात दोघं होते. शाम वरच्या जागेवर, आन् अमर त्याच्या हाताखाली. दोघंही सारख्याच वयाचे. अमर राळेगावकडचा, घरी कपाशी, सोयाबीन, खाऊन-पिऊन सुखी. शाम कोठचा होता ते कोणी विचारतच नसे, तो साऱ्यांचाच होता. चहावाल्यापासून तं प्राचार्यापर्यंत सारे आपले "शामभाऊ, शामभाऊ." चहा प्यायचा बिनसाखरेचा आन् बोलायचा मात्र गोड.

तर त्या शामनं एक यादी बनवली. कंप्युटरातच. कॉलेजात दोन-अडीचशे तरी डबे असतीन... कंप्युटर, प्रिंटर, भिंतीवर चित्र फेकाची मशीन, सारं. कोणता डबा, कोण्या खोलीत, कोणाच्या ताब्यात. वर एक खिडकी. तिच्यात "लायब्ररी" लिहा, लायब्ररीतलेच डबे खाली उतरतात. "बिघडलेला" लिहा, बिघडलेले तेवढेच. फिल्टर म्हणतात त्याले, जयाले माहीत आहे. मी त्याले चाळणी म्हणत होतो. आन् प्रत्येक डब्याले एक स्टिकर. काळ्या रेघा-रेघा, आन् खाली ज्याच्या ताब्यात तो डबा असन त्याचं नाव.

चौकीदार सेवादासच्या नावावर गेटवरचा कॅमेऱ्याचा टीव्ही होता. प्राचार्याच्या नावावर लॅपटॉप. माह्या नावावर काहीच नव्हतं. ड्रायव्हरले कोण कंप्युटर देते? तर त्या यादीत धावजी नावाचा माणूसच नव्हता. हे ध्यानात ठेवा.

लायब्ररीत सलोनी नावाची पोरगी होती, तिथला कंप्युटर तिच्याच नावावर. शाम तिथले कंप्युटर सुधराले जाये, सुधरले तरी जाये. जमलं दोघाचं. घरचेही राजी झाले, साखरपुडा झाला. सलोनी त्याले चारचौघात "अरे शाम, तू कुठं होता?" म्हणे. तू. सारे मास्तर हासत. आन् त्याच साली दिवाळीच्या आधी पांढरकवड्याकडून येता येता त्याची गाडी ट्रकखाली आली. जागीच गेला पोरगा. मीच आणलं त्याले घरी.

साल-दीड साल गेलं. शामची खुर्ची अमरले भेटली. शामचा टेबल भेटला. आन् मधातल्या लोकांनी बोलणी करून सलोनीचं लग्नही अमरसंगच लावून देल्लं. नोकरी एका जागी, पोरगा निर्व्यसनी, अजून काय पाहिजे? माह्या खोलीपासून चार घरं सोडून राहाले आले दोघं. सारं भेटलं पोट्ट्याले. पण त्याच्या पोटात जे दुखे ते दुखेच.

काहून म्हणता? सलोनी त्याले "तुम्ही" म्हणे. "जेवता का? तुमचा डबा भरला. तुम्ही या, मी झोपते." वाईट नव्हती पोरगी, नवऱ्याचं सारं करे. पण हासे नाही. आन् सकाळचा पहिला चहा... रोज, ऐका, रोज तो बिनसाखरेचा निघे. अमर एक घोट घे आन् कप खाली ठेवे. ती म्हणे, "अगं बाई, साखर राहिली वाटते." अमरले गोड चहा लागे. ती उठून साखर आणे. पण तेवढ्यात त्याचं कलेजं जळून जाये.

कॉलेजात तेच. कोणाचं काही अडलं का "शामभाऊ असता तं एका मिनिटात..." भिंतीवर शामचा फोटो, अमरच्या डोक्याच्या बरोबर वर. हार कोण बदले? सलोनी. आन् यादीत "कंप्युटर विभाग" टाकलं का पहिलं नाव शाम. दुसरं शाम. तिसरं शाम. चांगले चांगले डबे सारे त्याच्याच नावावर, कारण कोणी ते बदललेच नव्हते. प्राचार्य म्हणत, "राहू दे रे, तपासणी येईन तवा पाहू." त्याईले कसं तरी वाटे, एवढ्या चांगल्या पोराचं नाव काढाले.

अमर माह्याजवळ येऊन बसे. म्हणे, "धावजीकाका, जित्त्या माणसाशी भांडता येते. मारता येते, नाही तं मार खाता येते. याचं काय करू मी? हा चुकतही नाही. म्हाताराही होत नाही."

मी म्हणो, "अबे, तो गेला. तू आहे. ती तुह्या घरात आहे."

"घरात आहे काका," म्हणे. "माह्या घरात त्याची बायको आहे."

 मी बिडी पेटवली. हेवा एकदा घरात शिरला का मालक होऊन बसते, बापा.

आन् त्याची एक खोड सांगून ठेवतो, पुढं कामाची आहे. कागदावर दोघांची नावं लिहाची असली का अमर आपलं नाव आधी लिहे. वरती. शाम त्याच्यापेक्षा मोठ्या जागेवर होता तरी. शाम हासून सोडून दे. शाम मेला, पण अमरची खोड गेली नाही.

आता मागच्या सालचा पोळा. पोळ्याच्या दिवशी आपण दाराशी पळसाच्या फांद्या ठेवतो, आन् दुसऱ्या दिवशी पहाटे त्या उचलून शिवेबाहेर नेऊन टाकतो, मारबत घरची पिडा घेऊन जाते म्हणून, बरोबर? आमच्या वस्तीतही सारे निघाले. पोट्टे, बाया, म्हातारे. "ईडा पिडा घेऊन जाय गे मारबत!" कोणी म्हणे "खासी-खोकला घेऊन जाय गे मारबत!" कोणी म्हणे "ढेकूण-मच्छर घेऊन जाय!" पोट्टे तं मास्तरचंही नाव घेतात, हासतात, चालते तेवढं.

अमर माह्या बाजूले चालून राह्यला होता. खांद्यावर फांदी. एका दमात वरडला, "शामले घेऊन जाय गे मारबत!"

 मी त्याचा दंड धरला. म्हटलं, "गधड्या, काय बोलला तू? मेलेल्याचं नाव मारबतीत घेत असतात का?"

"काहून नाही घ्याचं? तीच माह्या घरची पिडा आहे."

"अबे, जो गेला त्याले ती कोठून नेईन? आन् मारबत रिकाम्या हातानं जात नाही. नाव घेतलं का तिले कोणी तरी पाहिजेच."

हासला. फांदी फेकली लांब, हात झटकले. सलोनी दारातून पाहत होती. तिनं ऐकलं होतं. दार लोटून आत गेली.

हे झालं पहाटचं. आता त्याच दिवसाची संध्याकाळ. तान्हा पोळा. लहान लेकरं लाकडाचे नंदी घेऊन दारोदार फिरून राह्यली होती, अन् अमावस्या आदल्याच दिवशी सरली, तं आभाळात चंद्राचं नखही नव्हतं. प्राचार्याचा अमरले फोन आला. उद्या सकाळी तपासणीवाले येऊन राह्यले, आज जाऊन यादीचा कागद काढून ठेव, आन् मेलेल्याच्या नावावर एकही डबा दिसला नाही पाहिजे. एवढंच काम. अर्ध्या घंट्याचं. अमर सलोनीले म्हणाला, कॉलेजात जाऊन येतो. ती म्हणाली, "येताना तुम्ही गोडं तेल आणा." तो निघाला.

पुढचं जे सांगतो ते त्यानं मले त्याच रात्री सांगतलं.

खोलीत कोणी नव्हतं. त्यानं कंप्युटर लावला. चाळणीत "शाम" टाकलं. उतरली यादी. बोट ठेवून ठेवून खाली गेला, नाव सरेच ना. आता याची बरोबर रीत काय, जया? एक-एक डबा आधी "परत घेतला" लिहाचं, मग दुसऱ्याले "देल्ला" लिहाचं. शाम त्याले हेच शिकवून गेलता. आधी घ्याचं, मग द्याचं, घाई नाही कराची. पण परत घेतलं लिहाले शामचं नाव परत परत पाहा लागे. तेच त्याले नको होतं. तर त्यानं दुसरा रस्ता काढला. दोन माणसं एकत्र कराचा. एकाचं सारं दुसऱ्याच्या नावावर जाते आन् पहिल्याचं नाव यादीतून कायमचं मिटते. मास्तरीणबाई लग्न झालं का नाव बदलतात, तवा वापरत तो रस्ता.

दोन खणं येतात समोर. एक वर, एक खाली. जे नाव मिटाचं ते वरच्या खणात. जे राहाचं ते खालच्या.

त्यानं वाचलंच नाही.

वरती आपलं नाव लिहिलं. अमर. खोडच ती. खाली शाम. कंप्युटरनं विचारलं, नक्की का? म्हणे, नक्की. ... दाबलं.

पडदा जराक पांढरा झाला. मग यादी आली. सारीच्या सारी शामच्या नावावर. अमरच्या टेबलावरचा डबाही. त्याले वाटलं काही चुकलं. चाळणीत आपलं नाव टाकलं. अमर.

"काही सापडलं नाही."

पुन्हा टाकलं. ... काही सापडलं नाही.

मग त्या यादीनं त्याले बाहेरच काढलं. आत याले नाव मागे, तो अमर लिहे, ते म्हणे असा कोणी नाही. तो जराक हासलाही म्हणे. सकाळी पाहू म्हणून उठला. कागद तं निघाला होता, त्याच्यावर मेलेला कोणी नव्हता... कंप्युटरच्या हिशेबानं. उठता उठता वर पाह्यलं.

फोटो. हार.

हाराच्या आत त्याचंच तोंड.

...

जया, पाणी पाहिजे का? ... बरं. ऐक मग.

तो धावतच खाली आला. बाहेर रस्त्यावर लेकरं होती, लाकडी नंदी पुढं करून "काका, बोजारा द्या, बोजारा!" म्हणून राह्यली होती. त्यानं खिशातून हाताले आले ते पैसे देल्ले. लेकरं त्याले काका म्हणाली, बरं वाटलं त्याले. गेटवर सेवादास कॅमेऱ्याचा टीव्ही पाहत बसला होता. अमरले तो "अमरसाहेब" म्हणे, कोरडं. त्या रात्री स्टुलावरून उठला. तोंडभर हासला.

"निघाले का शामभाऊ?"

अमर म्हणाला, "सेवादास, प्याला का तू? मी कोण?"

"काय चेष्टा करता शामभाऊ," म्हणे. "बरं, ते अमरच्या फोटोचा हार सुकला. कोणाचं ध्यानच जात नाही. उद्या एखादा आणजा."

तेल राहून गेलं. घरी आला. रस्त्यानं कुत्रंही भुकलं नाही म्हणे त्याच्यावर. दार ढकललं.

सलोनी दारातच होती.

हासली.

पोट्टे हो, लग्नाले आठ महिने झालते. आठ महिन्यात तिचे दात पाह्यले नव्हते त्यानं. ती हासली, आन् म्हणाली, "आला तू? कितीवेळची वाट पाहून राह्यली मी. हात धू. चहा ठेवते."

तू.

चहा आला. बिनसाखरेचा. ती समोर बसून त्याच्याकडं पाहत होती. त्यानं घेतला. सारा संपवला. मग हळूच विचारलं, "सलोनी... अमर आठवते का तुले?"

"कोण?"

"अमर. माह्या... हाताखाली होता तो."

तिनं आठवून पाह्यलं. खरंच आठवून पाह्यलं. म्हणाली, "हो रे, होता एक. ट्रकखाली गेला बिचारा. चेहराही येत नाही डोळ्यासमोर. काहून?"

...

मी माह्या खोलीत भाकर खात होतो. तुमची काकू तवा इकडं तांड्यातच राहत होती, मी एकटाच. दार वाजलं. वाजलं म्हणजे कोणी नखानं खरवडावं तसं. उघडलं. उंबऱ्याबाहेर उभा.

"काका," म्हणे, "मी कोण?"

मी म्हटलं, "अमर. कोण असशीन?"

तो तिथंच खाली बसला. उंबऱ्यावर. माह्या पायाले धरलं त्यानं, जवान पोरानं. रडाले लागला. "पुन्हा म्हणा काका." मी म्हटलं, अमर. "पुन्हा." अमर. अमर. अबे अमर, काय झालं?

तवा त्यानं हे सारं सांगतलं. मले पहाटची मारबत आठवली. मी कपडे घातले. म्हटलं, ऊठ. प्राचार्याकडं जाऊ, आत्ताच्या आत्ता. ते कंप्युटरातलं उलटं होत असन न?

म्हणे, "होते काका."

"मग?"

"मी येता येता पुन्हा कॉलेजात गेलतो. त्याच्या नावानं आत गेलो. त्याचा पासवर्ड मले कधी माहीत नव्हता... बोटांले माहीत होता. समोर लिहून येते, मागं फिरवाचं का. एक बटन आहे. फक्त दाबाचं."

"दाबलं का नाही?"

त्यानं नखानं उंबरा खरवडला. 

मग म्हणे, "काका, उलटं केलं तं ती सकाळी मले तुम्ही म्हणन."

...

मी त्याले शिव्या देल्ल्या. चांगल्या देल्ल्या. म्हटलं, हरामखोरा, ती त्याले पाहून हासली, तुले पाहून नाही. तुही बायको तुह्यासमोर दुसऱ्याले चहा पाजून राह्यली आन् तू पिऊन राह्यला!

म्हणे, "माहीत आहे. मी पाहत होतो न. ती त्याच्याकडं कशी पाहते ते पाहत होतो. जीव जळून राह्यला काका. पण समोरच्या खुर्चीवर तं मीच होतो." मग म्हणे, "मी मेलो असतो तं ती रडली नसती. आज कळलं. चेहराही आठवत नाही तिले. त्याच्यासाठी दोन साल हार बदलला."

त्याच्याजवळ कॉलेजचा लॅपटॉप होता, खांद्यावरच्या बॅगमधी. तो काढला, उलटा केला. खालचं स्टिकर नखानं काढाले लागला. हळूहळू, न फाडता. म्हणे, यादीतलं बदललं, पण हे कागदावर छापलं होतं, हे नाही बदललं. काळ्या रेघा, आन् खाली अमर. माही टॉर्च खाटेवर पडली होती. तिच्या दांड्यावर चिकटवलं ते. अंगठ्यानं दाबून दाबून.

"तुमच्या नावावर तिथं काही नाही, म्हणून तुम्हाले मी दिसून राह्यलो," म्हणे. "विसराले लागले तं हे वाचजा."

आन् उठला. मी हात धरला, त्यानं सोडवला. म्हणे, "जातो. ती त्याची वाट पाहून राह्यली. पाहतो, त्याच्यासाठी काय केलं तिनं जेवाले."

त्याच्यासाठी म्हणाला, पोट्टे हो. सोतासाठी.

अंधारात गेला. चार घरं सोडून दार उघडल्याचा आवाज आला. ती हासल्याचा आला. मग दार लागलं.

तपासणी पार पडली. सारे डबे जागच्या जागी, सारे जित्त्या माणसाच्या नावावर. प्राचार्यानं पाठ थोपटली, "शाम, तू आहे म्हणून चाललं रे कॉलेज." मी त्या खोलीत जाऊन फोटो पाह्यला. मले तिथं शामच दिसला, नेहमीसारखा. बाकी कोणाले काय दिसते ते मी विचारलं नाही. हिंमत झाली नाही. रिटायर व्हायच्या आठवड्यात त्याले व्हरांड्यात एकटा पाह्यला, आन् हाक मारली, अमर! त्यानं पाह्यलं. पण माह्याकडं नाही. आपल्या मागं पाह्यलं, कोणाले हाक मारली ते पाहाले. मागं कोणी नव्हतं. मग हासला आन् म्हणाला, "कोणाले शोधून राह्यले काका?" आन् गेला.

तवापासून मी ही टॉर्च कोणाले देत नाही. रोज झोपताना नाव वाचतो. मोठ्यानं. एवढ्या दुनियेत ते नाव घेणारा मी एकटा आहे, दुसरा कोणी नाही.

आता बोल, जया. मघापासून तुह्या तोंडावर काय चाललं ते मी पाहून राह्यलो. तू शेवटी बोलजो म्हटलतं न. ... हं. तेच कॉलेज. मले माहीत होतं, तुही नोकरी लागली तवाच मी कॉलेजचं नाव विचारलं होतं. ... तुह्या साहेबाचं नाव काय? ... शाम सर. आन् लायब्ररीतल्या मॅडम त्याईच्या बायको. ... चांगले आहेत म्हणते. लय चांगले. ... चहा कसा पिते तो?

...

बिनसाखरेचा. हं.

बादल, आता घे टॉर्च. आता घे म्हणतो मी. लाव. दांड्यावर स्टिकर आहे, त्याच्यावर काय लिहिलं ते वाच. मोठ्यानं. ... अमर. बरोबर.

जयाजवळ दे.

जया, तू वाच.

... वाच न पोरी, भेऊ नको.

... काय?

... पुन्हा पाह. नीट पाह.

बादल, तू पाह परत. ... अमरच न? ... आन् जया, तुले... ?

एकच स्टिकर आहे, बेटा. दुसरं नाही.

...

शाम नाही लिहिलं त्याच्यावर, जया. ... आण तो लॅपटॉप इकडं, तो कालचा. सोमवारी पहिलं काम, तो परत करून ये, त्या यादीत तुहं नाव नको. ... बादल, तिले पाणी दे. ... नाही, टॉर्च बंद नको करू.